वडिलांची कावीळ आणि औषधांच्या तारखा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील 79 वर्षांचे, न्यूमोनियासाठी दाखल होऊन आज बारावा दिवस. ताप उतरला, ऑक्सिजन निघाला, घरी सोडायची भाषा सुरू झाली आणि तेवढ्यात डोळे पिवळे दिसले. रक्तात बिलिरुबिन (काविळीचा पिवळा रंग) 5.4, एसजीपीटी (लिव्हरच्या पेशी दुखावल्या की वाढणारं) 164, अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्त अडलं की वाढणारं) 498. डॉक्टर म्हणाले, ‘औषधांमुळे असावं.’ घरच्या रोजच्या नऊ गोळ्या, वर दवाखान्यातली इंजेक्शनं. दाखल होण्याआधी आठवडाभर बाहेर एक अँटिबायोटिक झालं होतं, त्याचं नाव आता आठवत नाही. मग सगळी औषधं सरळ बंद का करत नाहीत, आणि लिव्हर पूर्ववत होईल का, असं तुम्ही विचारलंय.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून टाकलीय: ते नाव न आठवणारं अँटिबायोटिक. आज संध्याकाळी घरी गेलात की आधी ते शोधा. रिकामी पट्टी, औषधाच्या दुकानाचं बिल, डॉक्टरांची चिठ्ठी, फोनमधला फोटो, काहीही चालेल. आणि नावाबरोबर ते कधी सुरू झालं आणि कधी संपलं, त्या दोन तारखा.

मी सव्वीस वर्षं वयस्कर रुग्णांच्या वॉर्डात काम करतोय. औषधाने लिव्हरला इजा झाली हे छातीठोकपणे सांगणारी एकही रक्ततपासणी या काळात माझ्या हाती आली नाही. बायॉप्सी, म्हणजे लिव्हरचा तुकडा काढून केलेली तपासणीसुद्धा बहुतेक वेळा ‘औषधामुळे असू शकेल’ एवढंच म्हणते. निदान होतं ते तारखांवरून. कोणतं औषध कधी सुरू झालं, कधी थांबलं, रिपोर्ट कधी चढले, कधी उतरले. एका कागदावर आडव्या रेघा मारून मी हे काढतो, प्रत्येक औषधाची एक रेघ, आणि खाली रिपोर्टचे आकडे. हाताखालची तरुण डॉक्टर मंडळी हसतात, पण निम्म्या वेळा तो कागद पुरा व्हायच्या आत गुन्हेगार दिसतो.

एक बाई आठवतात, 81 वर्षांच्या. मांडीचं हाड मोडलं म्हणून ऑपरेशन झालेलं, सहाव्या दिवशी कावीळ. सगळ्यांची बोटं चालू असलेल्या अँटिबायोटिककडे. ते बदललं, मग दुसरं बदललं, बिलिरुबिन आपलं चढतंच. मुलीला विचारलं की गेल्या दोन महिन्यांत दुसरं काही घेतलं होतं का. ती म्हणाली, ‘नाही हो, काहीच नाही.’ दुसऱ्या दिवशी तीच आईच्या पर्सच्या आतल्या कप्प्यातून एक दुमडलेली पट्टी घेऊन आली. दाढेला सूज आली म्हणून अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक अॅसिडचा सात दिवसांचा कोर्स झाला होता, आणि तो संपून चार आठवडे उलटले होते. त्या औषधाची रीत अगदी हीच: कोर्स संपतो, माणूस विसरून जातो, आणि दोन, चार, कधी सहा आठवड्यांनी कावीळ येते. त्यातही साठी ओलांडलेल्यांमध्ये ती पित्त तुंबल्यासारखी येते, अंगाला खाज घेऊन. बाईंना वॉर्डातल्या औषधांनी काहीच केलं नव्हतं. आम्ही मात्र दोन चांगली अँटिबायोटिकं विनाकारण बाद केली.

आता तुमचे आकडे वाचू. एसजीपीटीची वरची मर्यादा 40 धरली तर 164 म्हणजे साधारण चौपट. अल्कलाइन फॉस्फेटेजची 120 धरली तर 498 हीदेखील चौपटच. पहिल्या पटीला दुसऱ्या पटीने भागायचं. उत्तर 5 किंवा जास्त आलं तर इजा लिव्हरच्या पेशींना, 2 किंवा कमी आलं तर अडचण पित्ताच्या प्रवाहात, मधलं आलं तर मिश्र. तुमच्या वडिलांचं उत्तर येतं 1. म्हणजे पित्त अडल्याचा नमुना. वयस्कर माणसांत औषधांची इजा याच बाजूला जास्त झुकते. तरुणांत पेशींची इजा जास्त दिसते. असं का, याची एकच सरळ कारणमीमांसा नाही, पण वॉर्डात ते रोज दिसतं.

पण पित्त अडलंय म्हणजे ते औषधानेच अडवलंय असं नाही. या वयात आधी सोनोग्राफी. पित्तनलिकेत खडा असेल, स्वादुपिंडाच्या तोंडाशी गाठ असेल, तर नलिका फुगलेली दिसते आणि सगळी चर्चाच बदलते. ती अजून झाली नसेल तर उद्या सकाळच्या राउंडला पहिला प्रश्न हाच विचारा.

दुसरा संशयित खुद्द न्यूमोनिया. शरीरात जंतुसंसर्ग मोठा असला की लिव्हर पित्त बाहेर सोडायचं मंद करतं. नलिका मोकळ्या असूनही बिलिरुबिन चढतं. पण ही कावीळ साधारणपणे आजार ऐन जोरात असताना दिसते आणि तो उतरला की उतरते. तुमच्या वडिलांच्या बाबतीत उलटं झालंय: ताप गेला, छाती सुधारली आणि मग डोळे पिवळे झाले. म्हणून माझा संशय न्यूमोनियाकडे कमी आणि त्या विसरलेल्या कोर्सकडे जास्त जातो. समोर बसून तपासलेलं नाही, त्यामुळे हा अंदाजच समजा. निर्णय तुमच्या डॉक्टरांचा.

दवाखान्यातल्या वयस्कर रुग्णाचं लिव्हर बिघडलं की आपण सगळे औषधांवर तुटून पडतो, आणि फसतो. बीपी काही तास खूप पडलं, हृदय नीट रक्त ढकलत नव्हतं, तर लिव्हरला रक्त कमी पडतं आणि एसजीपीटी एका रात्रीत हजारांत जातो. तो आकडा बघून घरच्यांचे पाय गळतात. पण तो ज्या वेगाने चढतो त्याच वेगाने, दोन-तीन दिवसांत निम्मा निम्मा होत उतरतो. औषधांची इजा सहसा इतक्या घाईने पाठ फिरवत नाही. हिपॅटायटिस ई हा आणखी एक बहुरूपी. तो वयस्कर पुरुषांत जास्त त्रास देतो, आणि न तपासल्यामुळे कितीतरी वेळा ‘औषधाची रिअॅक्शन’ म्हणून नोंदला जातो. त्याची रक्ततपासणी साधी आहे, फक्त कुणीतरी ती लिहायला हवी. ज्यांना जुना हिपॅटायटिस बी आहे त्यांच्यात मोठ्या डोसमध्ये स्टिरॉइड किंवा कॅन्सरची काही औषधं दिली की झोपलेला विषाणू जागा होतो. तेव्हा दोष औषधाचा म्हणायचा की विषाणूचा, हा वाद नंतर घाला. उपचार विषाणूवर करावा लागतो.

आणि एक फसवाफसवी तर लिव्हरशी संबंधितच नाही. बाथरूममध्ये पडून रात्रभर फरशीवर राहिलेले आजोबा सकाळी आणले जातात, एसजीओटी (एसजीपीटीचंच भावंड) 600, एसजीपीटी 180. कुणीतरी कोलेस्टेरॉलची गोळी बंद करतं, कुणीतरी लिव्हरच्या डॉक्टरांना बोलावतं. एसजीओटी स्नायूंतही असतं, आणि रात्रभर दबलेल्या मांडीतून ते रक्तात उतरलेलं असतं. सीपीके नावाची स्नायूंची तपासणी केली की दहा मिनिटांचं काम. तसंच अल्कलाइन फॉस्फेटेज हाडांतूनही येतं. फ्रॅक्चर भरत असताना ते वाढतं. सोबत जीजीटी, म्हणजे हाडांतून न येणारी लिव्हरची दुसरी तपासणी, वाढलेली नसेल तर बोट लिव्हरकडे दाखवायचं कारण नाही.

म्हातारपणी लिव्हरच कमजोर होतं, असं सरसकट म्हणतात ते अर्धंच खरं. उतारवयात लिव्हरचं आकारमान कमी होतं आणि त्यातून वाहणारं रक्त साधारण एक तृतीयांश ते निम्म्याने घटतं. लिव्हर औषध दोन पायऱ्यांत मोडतं. त्यातली पहिली मंदावते, दुसरी बरीचशी टिकून राहते. तरीही वय वाढलं म्हणून प्रत्येक औषधाचा धोका वाढतो, असा पुरावा नाही. टीबीवरच्या आयसोनायझिडचा नक्की वाढतो. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक अॅसिडचा वाढतो. फ्लुक्लोक्सॅसिलिन या अँटिबायोटिकचा वाढतो, विशेषतः कोर्स दोन आठवड्यांपेक्षा लांबला तर. बाकी बऱ्याच औषधांच्या बाबतीत खरी गोष्ट एवढीच की वयस्कर माणूस जास्त औषधं घेतो, म्हणून त्याला लॉटरीची तिकिटंही जास्त लागतात. आइसलँड देश लहान, तिथे दोन वर्षं जवळजवळ प्रत्येक केस मोजली गेली. 2013 मध्ये आलेल्या त्या अभ्यासात वर्षाला 1 लाख लोकांमागे सुमारे 19 जणांना औषधांमुळे लिव्हरची इजा झाल्याचं दिसलं. सत्तरीपुढे हा आकडा 41 च्या घरात होता. सर्वांत जास्त वेळा सापडलेलं औषध अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक अॅसिड, पण तेही घेणाऱ्या दोन हजारांहून अधिक माणसांमागे एकाला बाधलं. म्हणजे ते औषध वाईट नाही. ते फार जणांना दिलं जातं, एवढंच.

वयाचा हिशेब न केल्याने काय होतं याचा धडा मात्र एका औषधाने कायमचा घालून दिलाय. बेनॉक्साप्रोफेन हे सांधेदुखीचं औषध 1980 मध्ये ब्रिटनमध्ये आलं. सांधे दुखतात कुणाचे? म्हाताऱ्यांचे. पण वयस्कर शरीरातून ते बाहेर पडायला तरुणांपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागत होता. गोळी रोजची, निचरा मंद, साठा वाढत गेला. वृद्ध रुग्णांना कावीळ झाली, काही दगावले, आणि 1982 च्या ऑगस्टमध्ये ते बाजारातून काढलं गेलं. आज नव्या औषधांच्या चाचण्यांत वयस्करांना घ्या असा जो आग्रह होतो, त्यामागे असे जुने प्रसंग आहेत. (आग्रह होतो, पण ऐंशीचे, तीन आजार असलेले, नऊ गोळ्या घेणारे आजोबा त्या चाचण्यांत अजूनही फारसे दिसत नाहीत.)

आता तुमचा मुख्य प्रश्न. सगळं बंद का नाही करत?

कारण मी ते करून पाहिलंय. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गृहस्थांचं एसजीपीटी 300 झालं म्हणून मी एका फटक्यात सगळी औषधं थांबवली आणि स्वतःवर खूश झालो. तिसऱ्या रात्री त्यांना फिट आली. फिटच्या गोळ्यासुद्धा मीच बंद केल्या होत्या, आणि लिव्हरशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. बीटा ब्लॉकर (बीपी आणि हृदयाची गोळी) अचानक थांबवला की हृदय उसळतं, बरेच दिवस चाललेलं स्टिरॉइड अचानक थांबवलं की बीपी कोसळतं, पार्किन्सनच्या गोळ्या थांबवल्या की माणूस लाकडासारखा ताठतो. आणि लिव्हर सुधारलं तरी कोणत्या औषधामुळे बिघडलं होतं हे कधीच कळत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी तेच पुन्हा दिलं जायची शक्यता राहते. ते सगळ्यात वाईट. एकदा लिव्हरला चावलेलं औषध दुसऱ्यांदा दिलं तर अनेकदा जास्त लवकर आणि जास्त जोरात चावतं.

म्हणून यादी तीन ढिगांत लावायची. ज्याशिवाय आज जीवाला धोका आहे ते राहू द्यायचं, बदलता आलं तर बदलायचं. ज्याचं वेळापत्रक जुळतं आणि लिव्हरला त्रास देण्याबद्दल जे बदनाम आहे ते आजच थांबवायचं. आणि जे मुळात कशासाठी चालू आहे हे कुणालाच सांगता येत नाही, तेही थांबवायचं. हा तिसरा ढीग नेहमी वाटतो त्यापेक्षा मोठा निघतो.

वडिलांच्या नऊ गोळ्यांची नावं तुम्ही दिली नाहीत, तरी ज्यांच्याकडे मी आधी बघतो ती सांगतो. हृदयाचे ठोके नियमित ठेवणारं अमिओडॅरॉन. ते शिरेतून दिलं तर एक-दोन दिवसांतच एसजीपीटी उडवू शकतं, आणि गोळीच्या रूपात वर्षानुवर्षं चालू राहिलं तर दारूने होते तशी इजा चोरपावलांनी करतं, अगदी सिरोसिसपर्यंत, म्हणजे लिव्हर कायमचं कडक होईपर्यंत. ते थांबवलं तरी आठवडे, महिने शरीरात मुरून राहतं, त्यामुळे आज बंद केलं आणि परवा रिपोर्ट सुधारला असं होत नाही. सीटी स्कॅनवर लिव्हर नेहमीपेक्षा पांढरं दिसलं तर ती त्यातल्या आयोडिनची खूण असते, रेडिओलॉजिस्टने ती ओळ लिहिलीय का बघा. लघवीच्या संसर्गाला अटकाव म्हणून महिनोन्‌महिने चाललेलं नायट्रोफ्युरँटोइन, विशेषतः आजींमध्ये. त्याची इजा हुबेहूब शरीर स्वतःच्याच लिव्हरवर उलटल्यासारखी दिसते. दुखण्यावरचं डायक्लोफिनॅक. बुरशीवरची फ्लुकोनॅझोलसारखी औषधं. संधिवातावरचं मेथोट्रेक्सेट, जे आठवड्यातून एकदा घ्यायचं ते चुकून रोज घेतलं गेलंय का, हे मी प्रत्येक वेळी विचारतो आणि दर काही वर्षांनी कुणीतरी ‘हो’ म्हणतं. सेफ्ट्रिअॅक्झोन हे इंजेक्शन न्यूमोनियात सर्रास दिलं जातं. ते पित्ताशयात गाळ साठवतं, सोनोग्राफीत तो खड्यासारखा दिसतो आणि इंजेक्शन थांबलं की बहुधा विरघळून जातो. तेवढ्यावर कुणी ऑपरेशनची घाई केली तर थोडं थांबायला सांगा.

टीबीची औषधं चालू असतील तर गोष्ट वेगळी. तिथे मळमळ, उलटी, कावीळ यातलं काही असताना एसजीपीटी तिप्पट, किंवा काहीच त्रास नसताना पाचपट झालं की आयसोनायझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड थांबवतात आणि रिपोर्ट उतरल्यावर एकेक करून परत सुरू करतात. हे घरच्या घरी करायचं काम नाही.

कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी मात्र उगाच बदनाम आहे. एसजीपीटी किंचित, म्हणजे तिपटीच्या आत वाढलं म्हणून ती बंद करायची गरज नसते. खरी इजा क्वचित. कावीळ असताना काही दिवस बाजूला ठेवली तर बिघडत नाही, पण डिस्चार्ज कार्डावर ‘स्टॅटिनची अॅलर्जी’ असं लिहून आयुष्यभरासाठी ती तोडू देऊ नका. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाला त्याची किंमत मोजावी लागते.

पॅरासिटामॉलवर जरा थांबतो, कारण दवाखान्यात ते कुणी औषध म्हणून मोजतच नाही. एका आजींचं वजन 43 किलो. तापासाठी शिरेतून 1 ग्रॅम दर सहा तासांनी, म्हणजे दिवसाला 4 ग्रॅम. पाठदुखीसाठी ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉलची जोडगोळी दिवसातून तीनदा, तिच्यात प्रत्येकी 325 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. झाले जवळपास 5 ग्रॅम. भागा 43 ने: किलोमागे 115 मिलिग्रॅमच्या वर. दिवसाला किलोमागे 75 च्या पुढे गेलं की आम्ही सावध होतो. त्यात आजी आठ दिवस जेवल्या नव्हत्या. पॅरासिटामॉलचा थोडासा भाग लिव्हरमध्ये विषारी रूप घेतो आणि ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ त्याला निकामी करतो. उपाशी, खंगलेल्या शरीरात त्याचाच साठा आटलेला असतो. चार्टवर दोन्ही औषधं वेगवेगळ्या पानांवर, वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलेली होती. चूक कुणा एकाची नव्हती, आणि म्हणूनच ती तीन दिवस चालली. एन-अॅसिटिलसिस्टीन हा उतारा वेळेत सुरू झाला, आजी सावरल्या. पन्नास किलोंच्या आतल्या किंवा खंगलेल्या माणसाला मी दिवसाला 2 ग्रॅम, फार तर 3 ग्रॅमवर थांबतो. वडिलांचं आजचं वजन, दाखल होतानाचं नव्हे, सिस्टरना विचारून चार्टवर लिहायला लावा. आणि सर्दी, अंगदुखीच्या ज्या गोळ्या घरून आणून उशाखाली ठेवल्या असतील, त्या बाहेर काढा.

उशाखालचाच विषय निघाला तर दुसरंही विचारून ठेवतो. वनौषधींच्या कॅप्सूल, ताकदीची चूर्णं, कुणी पाठवलेल्या ‘नैसर्गिक’ गोळ्या. ग्रीन टीचा अर्क, अश्वगंधा, मिरीच्या अर्कासोबतच्या हळदीच्या कॅप्सूल, या तिन्हींनी लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. जेवणातल्या हळदीबद्दल मी बोलत नाहीये. दाट अर्काबद्दल बोलतोय. घरचे हे सांगायला लाजतात, डॉक्टर रागावतील म्हणून. रागावू देत. न सांगितलेली कॅप्सूल तक्त्यावर रेघ बनून उमटत नाही, आणि मग दोष दुसऱ्याच औषधाच्या माथी जातो.

धोका किती, तेही सांगायला हवं. एसजीपीटीचा आकडा मोठा म्हणून घाबरू नका. 900 असलेला माणूस बसून जेवत असतो. घाबरवणारी जोडी वेगळी आहे. पेशींची इजा असताना, म्हणजे एसजीपीटी किमान तिप्पट आणि सोबत बिलिरुबिन दुप्पट झालं, तर साधारण दहातल्या एकाचा जीव जातो किंवा लिव्हर बदलावं लागतं. हायमन झिमरमन या अमेरिकन डॉक्टरांनी हे हेरलं, म्हणून त्यांच्या नावाने तो नियम ओळखला जातो. तुमच्या वडिलांचा नमुना पित्त अडल्याचा आहे, त्यांना हा नियम तसाच लागू होत नाही. अशा इजेत लिव्हर अचानक पूर्ण बंद पडणं कमी. पण सुधारणा कंटाळवाणी हळू, आणि वयस्कर माणूस बऱ्याचदा लिव्हरपेक्षा त्या काळातल्या अशक्तपणाने, संसर्गाने जास्त खचतो.

आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, रोज नाही तरी एक दिवसाआड बघायला सांगा. लिव्हर रक्त गोठवणारे घटक बनवतंय की नाही हे त्यावरून कळतं. मात्र इथेही खाचखळगे: रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असेल तर तो आकडा आधीच वाढलेला असतो, आणि पित्त आतड्यात उतरत नसेल तर व्हिटॅमिन के शोषलं जात नाही, त्यानेही तो वाढतो. म्हणून व्हिटॅमिन केचं इंजेक्शन देऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं. उतरला तर लिव्हर कामावर आहे. नाही उतरला, 1.5 च्या वरच राहिला आणि बरोबर माणूस गोंधळायला लागला, तर त्याच दिवशी मोठ्या केंद्राशी बोलायचं.

तो गोंधळ ओळखणं हे तुमचं काम, आमच्यापेक्षा तुम्हाला ते आधी कळतं. दिवसा झोप आणि रात्री टक्क जागं, बोलता बोलता हरवणं, सहीचं अक्षर बिघडणं, हात पुढे धरायला सांगितल्यावर पंजे फडफडणं. ‘या वयात असं होतं’ म्हणून रात्री शांत झोपेचं इंजेक्शन द्यायची प्रथा आहे. लिव्हर बिघडलेलं असताना त्याला आधी नकार द्या, मग कारण विचारा.

उपचारांबद्दल तुम्हाला निराश करणार आहे. दोषी औषध थांबवणं हाच उपचार, बाकी बहुतांश सांभाळणं आहे. पॅरासिटामॉलवर एन-अॅसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, फिटच्या व्हॅल्प्रोएटवर कार्निटीन. स्टिरॉइड मोजक्या प्रकारांत. पित्ताच्या प्रवाहासाठीचं अर्सोडिऑक्सिकोलिक अॅसिड आम्ही पुष्कळ लिहितो, पुरावा बेताचाच आहे, अपाय कमी आहे. ‘लिव्हर टॉनिक’ची बाटली मी लिहीत नाही. नऊ औषधांनी घोळ झालेल्या माणसाला दहावं कशाला?

खाज हा मात्र या काविळीतला खरा छळ, आणि तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. रात्री चादर रक्ताळेपर्यंत माणसं खाजवतात. खाजेवर सवयीने दिली जाणारी अॅलर्जीची झोप आणणारी गोळी वयस्कर माणसाला भ्रमात टाकते, ती टाळा. कोलेस्टिरामाइनची पावडर चालते, पण ती आतड्यात इतर औषधंही धरून ठेवते, म्हणून थायरॉइडची गोळी, हृदयाचं डिगॉक्सिन वगैरे तिच्या निदान एक तास आधी किंवा चार-सहा तास नंतर. हे वेळापत्रक सिस्टरना लिहून द्यावं लागतं, तोंडी सांगून टिकत नाही. गंमत म्हणजे त्यानेही भागलं नाही तर जे औषध वापरतात ते रिफॅम्पिसिन, ज्याच्या नावावर स्वतःच्या लिव्हरच्या तक्रारी आहेत. नखं कापा, खोली गार ठेवा, अंगाला साधं मलम चोळा.

पूर्ववत होईल का? बहुतेकांचं होतं. पेशींच्या इजेत दोषी औषध थांबल्यावर एसजीपीटी आठवडाभरात निम्म्यावर आलं तर निदानावर शिक्कामोर्तब झाल्यासारखंच. पित्ताच्या प्रकारात तो हिशेब आठवड्यांचा नाही, महिन्यांचा. अल्कलाइन फॉस्फेटेज निम्मं व्हायला सहा महिनेसुद्धा चालतात. कोर्स संपल्यावर पहिले काही दिवस बिलिरुबिन आणखी चढलं तरी औषध ओळखण्यात चूक झाली असा अर्थ लगेच काढू नका. थोड्या जणांत पित्ताच्या बारीक नलिका कायमच्या जातात. सहा महिन्यांनंतरही आकडे उतरत नसतील तर बायॉप्सीचा विषय काढतात.

त्या 81 वर्षांच्या बाईंचे डोळे पांढरे व्हायला सात आठवडे लागले, खाज त्याहून थोडी जास्त राहिली. डिस्चार्जच्या दिवशी मी त्यांच्या कार्डावर औषधाचं मूळ नाव लाल शाईने लिहिलं, कंपनीचं नाव नव्हे, कारण तेच मिश्रण वेगवेगळ्या नावांनी मिळतं. खाली कोर्सच्या दोन तारखा आणि कावीळ दिसली ती तारीख. मुलीला सांगितलं की याचा एक फोटो फोनमध्ये ठेवा आणि एक प्रत दाताच्या डॉक्टरांकडे द्या. तुमच्या वडिलांच्या बाबतीत ते अँटिबायोटिक सापडलं आणि तारखा जुळल्या तर असंच करून घ्या. तोपर्यंत पट्टी शोधा. कपाटात नसेल तर त्यांच्या शर्टाचे खिसे बघा, आणि कचऱ्याची पिशवी अजून गेली नसेल तर तीही.